नववीच्या वर्गासाठी तीस नावं

ता. १७ मार्च १९५७
मिशन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ आज झाला एकदाचा. समुद्रपूरचे तर होतेच, अल्लीपूर-सेलूहूनही आले. शाळेच्या आंब्याखाली सतरंज्या. सगळ्यांनी एकाच माठातलं पाणी घेतलं. आमच्या शाळेत पहिल्यापासून तसंच होतं, शाळेच्या फाटकाबाहेर नव्हतं, म्हणून लिहून ठेवतो.

चिटणीस कोण, यावर कुजबूज. गणपत सुतार उभा झाला. माझ्याच बाकावरचा. "श्रावण तहसिलीत कागद लिहून लिहून बोटं झिजवून राह्यला. त्यालेच करा." मलाच केलं. टाळ्या.

माझा बाप शाळेसमोरच्या याच रस्त्यानं गावची मेलेली ढोरं ओढून न्यायचा. घरी आईले सांगितलं. डोळे पुसले तिनं, म्हणाली, "बरं, आता जेव."

ता. २४ मार्च
संघाची पहिली बैठक. काम काय करायचं? कोणी म्हणे स्नेहसंमेलन, कोणी म्हणे फादरांचा फोटो भिंतीवर. फादर मोरिस हेडमास्तर. परदेशातून तरुणपणी आले ते इथलेच झाले. हसून म्हणाले, "माहा फोटो कायले? मी अजून जिता हावो न बाप्पा." मग खिशातून सरकारी पत्र काढलं.

शाळा आठवीपर्यंत. पुढे शिकायचं तर हिंगणघाट नाही तर वर्धा. पोरं थोडी जातात, पोरी एकही नाही. नववी उघडायची परवानगी फा. मागताहेत तीन वर्षं. यंदा उत्तर आलं, तीन अटींवर : विज्ञानाची खोली, बी.एस्सी. झालेला शिक्षक, आणि नववीत बसणाऱ्या तीस जणांची नावं. जूनमध्ये इन्स्पेक्टर येऊन पाहणार.

"बस, येवढंच?" गणपत.

"येवढंच नाई रे. तीन डोंगर हायेत."

माझी धाकटी बहीण लीला यंदा आठवीत. वर्गात पहिली. मावशी तिच्यासाठी सेलूकडचं स्थळ घेऊन दोनदा येऊन गेली.

ता. ३१ मार्च
खोली मिळाली. शाळेमागची जुनी कोठी. भिंती आम्हीच पोतल्या, कारकून, मास्तर, दुकानदार, सगळे चुन्यानं पांढरे. टेबलं गणपत करतो आहे. रंधा मारता मारता म्हणाला, "आठवी झाली आन् बापानं हाती वाकस देल्ला, लाकूड तासाले. भूमिती अर्धीच राह्यली लेका. अजून कोन काढतो तं मनात खटकते." आठवीत भूमितीत तो माझ्या पुढे होता.

ता. ७ एप्रिल
सेलूले गेलतो, कुमुदताईंकडे. आमच्या पोस्टमास्तरांची मुलगी, आमच्याच वर्गातली. आठवीनंतर बापाची बदली नागपूरले झाली, म्हणून बी.एस्सी. होऊ शकली. आता लग्न होऊन सेलूत, घरी. मालक शेतकी खात्यात, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर.

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, तांदूळ निवडायचे हात थांबले. "भाऊ, मला यायचंय हो. पण घरी..." आणि दाराकडे पाहिलं. दारात सासूबाई. मी उठायच्या बेतात. म्हातारी म्हणाली, "तांदूळ मीही निवडू शकते. माझ्या हातून शाळा होणार नाही, ती हिच्याच हातून होईल. जाऊ दे तिला, राहील समुद्रपुरातच." कुमुदताई रडायलाच लागल्या. परतताना मोटरीत मी एकटाच हसत होतो, कंडक्टर पाहत राहिला.

दोन डोंगर ओलांडले.

ता. १४ एप्रिल
जयंती. अल्लीपूर. दीक्षा घेतल्यानंतरची आमची ही पहिलीच. नवे कपडे, निळे झेंडे, सगळी वस्ती बाहेर. भाषण संपल्यावर संघाची वही घेऊन उभा झालो. आठ नावं मिळाली! चार पोरं वाडीतून धावत आली, वर्षभरापूर्वी शाळा सोडलेली. माळी, कुणबी घरातूनही दोन.

मग वस्तीतलाच रामाजी. पोरगी चंद्रकला, आठवीची परीक्षा नुकतीच दिलेली, हुशार. रामाजीनं वही मागितली. वाचता येत नाही, पण पोरीकडून सगळी नावं वाचून घेतली. मग मले म्हणे, "बाबू, तुही बहीण बी आठवीतच हाये न? तिचं नाव नाई दिसून राह्यलं याच्यात."

चारचौघांत.

"तिचं लिव पह्यले, मंग माह्या पोरीचं लिवजो."

ता. १५ एप्रिल
रामाजी खरं बोलला. गावभर दुसऱ्यांच्या पोरी मागत फिरतो, आणि घरात मावशीसमोर गप्प बसतो. चिटणीस म्हणे.

ता. २१ एप्रिल
मावशी आली, सुपारी फोडायचीच म्हणून. मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांसमोर आवाज चढला. मावशी : "पोरगा रेल्वेत हाये! असं स्थळ पुन्हा येईन का?" आई चुलीपाशी, पाठमोरी. मला वाटलं ती मावशीकडूनच. तर तिथूनच म्हणाली, "मले सही येत नाई. दवाखान्यात, कचेरीत, जिकडंतिकडं आंगठा. हिले नववी करू दे बाई. स्थळ तोपर्यंत राह्यलं तं राह्यलं."

लीला खोलीत होती. तिनं वही आणली, स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं.

उद्या अल्लीपूर. रामाजीकडे.

ता. ५ मे
चंद्रकला आली. यादीत आता सव्वीस. ऊन असं की सायकलची सीट धरवत नाही. गणपत रोज गाडी जुंपून एकेका गावी. तोंडी एकच : "पोराले नववीत बसवा, बाक मी करून देतो." टेबलं तयार, गुळगुळीत. नागपूरच्या एका माजी विद्यार्थ्यानं काचनळ्या, स्पिरिटचा दिवा, तराजू पाठवला, भुशात गुंडाळून. कुमुदताईंनी एकेक नळी अशी काढली, जशी अंडी काढतात.

ता. ९ जून
एकोणतीस. तीन आठवडे तेवढेच. काल तीस झाले होते, आज एकाचा बाप आला, नाव काढून घेतलं, कुटुंब नागपूरला चाललं. उद्या इन्स्पेक्टर. फा. म्हणाले, "सांगू खरं ते. एकोणतीस तं एकोणतीस." त्यांचा चेहरा पाहवला नाही.

ता. १० जून
लिहायला बसलो. आनंदानं.

इन्स्पेक्टर साहेब आले. कमी बोलणारे. खोली पाहिली, टेबलावर बोट फिरवलं. कुमुदताईंना प्रश्न विचारले, त्यांनी दिवा लावून प्रयोगच करून दाखवला. मग यादी. मोजली. पुन्हा मोजली.

"एक कमी आहे."

संघाचे सगळे दारात उभे. तेवढ्यात गणपत पुढे आला, कानावर पेन्सिल तशीच. "साहेब, माहं लिवा."

"तुम्ही कोण?"

"गणपत. आठवी पास, याच शाळेतून. दाखला घरी हाये, आणतो."

साहेबांनी चष्मा काढला. "वय?"

"सव्वीस. नियमात वय लिवलं हाये का, साहेब?"

मी जागचा हललो. चार वर्षं सरकारी कागद वाचतो, हे पत्र तर पाठ. म्हणालो, "नाही साहेब. कमीत कमी वय आहे. जास्तीत जास्त नाही."

साहेबांनी पत्र मागितलं. वाचलं. खूप वेळ वाचलं. आणि मग तो माणूस हसला! गणपतला म्हणाले, "रोज येणार का? की फक्त आजच्यापुरते?"

"सकाळी शाळा, दुपारून रंधा. भूमिती अर्धी राह्यली साहेब माही."

साहेबांनी स्वतःच्या पेनानं तिसावं नाव लिहिलं. बाहेर आंब्याखाली गणपतला सगळ्यांनी उचललं. फा. झग्यासकट नाचले. खरंच नाचले. कुमुदताई म्हणाल्या, "गणपतराव, घरचा अभ्यास मी सोडणार नाही." "नका सोडू, बाई." कालपर्यंत तिला कुमुद म्हणायचा.

ता. १ जुलै
नववी भरली. परवानगीचं पत्र शुक्रवारीच आलं. एका वर्षाची.

फा. नी हजेरी घेतली. लीला पुढच्या बाकावर, चंद्रकला शेजारी. सर्वांत मागे गणपत, गुडघे बाकात मावत नाहीत. कचेरीतून अर्ध्या तासाची सुटी काढून खिडकीतून पाहून आलो. रामाजीही खिडकीशी. त्यानं पानाची चंची पुढे केली.

ता. २२ डिसेंबर
संघाची बैठक. सदस्य दुप्पट. सेलूवाले विचारतात, आमच्याकडे हे कसं करायचं? मी म्हटलं, आधी एक गणपत शोधा. गणपत सहामाहीत इंग्रजीत नापास, भूमितीत वर्गात दुसरा. पहिली चंद्रकला. "पोरीनं हरवलं मले," असं सांगत गावभर फिरतो, जणू बक्षीस मिळालं.

ता. ४ मे १९५८
नववीचा निकाल परवा लागला. तिसांत सत्तावीस पास. गणपत पास, इंग्रजीतही, काठावर. लीला दुसरी, दोन दिवस रुसून आहे.

दहावीच्या परवानगीचं पत्र अजून नाही. नागपुरात फाईल फिरते आहे म्हणतात. मी दोनदा जाऊन आलो, तिथला कारकून म्हणतो, "येईल, येईल." मीही कारकून. या 'येईल'चा अर्थ मला कळतो.

आज बैठकीत विचारलं, काय करायचं? फादर सगळ्यांकडे पाहत होते. गणपत म्हणाला, "दहावीचे बाक उद्यापासून सुरू करतो."

"आणि पत्र नाही आलं तर?"

"बाक तं तयार राहतीन न!"

ठराव लिहिला : दहावी जुलैत बसेल. सगळ्यांनी सह्या केल्या. कोठीकडून करवतीचा आवाज आताच सुरू झाला आहे, उद्याची वाट पाहिली नाही गणपतनं.