हीटरची वायर कोणी काढली

थोरल्या,

ओढ्यावरच्या टर्बाइनचा व्हॉल्व्ह मी बंद केला आहे. तो उघडू नकोस. कंदील फडताळात आहे.

काल बॅटऱ्या उकळल्या तेव्हा तू चिमणीवर ओरडलास, की हिनेच बटणांशी खेळ केला. तुझी पोरगी न जेवता झोपली. आज सकाळी मी बॅटरीच्या खोलीत जाऊन पाहिलं. न्हाणीघराच्या टाकीतल्या हीटरची वायर कोणीतरी काढली आहे, आणि टोकांना तुझी निळी चिकटपट्टी आहे. "दिवसभर फुकट पाणी तापतंय" असं परवा तूच म्हणत होतास.

अरे शहाण्या, आपल्या बॅटऱ्या भरल्या म्हणून ओढा थांबत नाही. टर्बाइन फिरतच राहतं. उरलेली वीज कंट्रोलर हीटरकडे वळवतो, म्हणून बॅटऱ्या वाचतात. तू ती वाटच बुजवलीस. तू चिमणीएवढा होतास तेव्हा हे तुला शिकवलं होतं. तिलाही शिकवलंय. काल रडत रडत ती तेच सांगत होती, "बाबा, हीटर बघा ना."

शिकवताना मी आजवर कोणावर आवाज चढवला नाही. आज चढेल, म्हणून लिहून ठेवतोय.

तिला घेऊन बॅटरीचं पाणी आणायला जातोय. आम्ही येईपर्यंत त्या वायरला हात लावू नकोस. ती चिमणीच्या समोर जोड, आणि चूक कोणाची होती ते तिला स्वतःच्या तोंडाने सांग. मग व्हॉल्व्ह तीच उघडेल. तिचं मन होईपर्यंत कंदिलावर भागव.

अप्पा