मधली जागा

३ नोव्हेंबर, दालात

पोचले एकदाची! दहा तास बसमध्ये बसून पाठीचा पार भुगा झाला होता, पण दालातच्या या डोंगरी थंडीत गरम सोयादुधाचा पेला हातात आला आणि सगळं विसरले. तुयेनताई स्टँडवर घ्यायला आली होती, टॅक्सीनं. स्कूटर कुठे गेली विचारलं, तर म्हणे हल्ली चढउतारांची भीती वाटते. हिला भीती! आमच्या सादेक गावात मला आणि माझी धाकटी बहीण ली हिला मागे बसवून स्कूटर थेट नावेत चढवणारी बाई ही. फाटकातून आत शिरताना खांबाला खांदा आपटला तिचा. मी म्हटलं, ताई, एवढा बंगला घेतलास, दारंही जरा तुझ्या मापाची करून घे की. हसली, पण जरा उशिरा.

आमच्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर चार वर्षं भाड्यानं राहिली ती. कॅमेरा धरायला मला बाबांनी शिकवलं, पण बघायला हिनं. आई गेली तेव्हा मला आणि धाकट्या लीला हिनंच दोन वेळा जेवू घातलं. त्यामुळे ताईनं बोलावलं आणि मी आले नाही, असं होणारच नव्हतं. काम सोपं आहे. पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या या बंगल्यातल्या खोल्यांचे फोटो काढायचे. रोज ॲव्होकाडो-आइस्क्रीम मिळणार असेल तर मी फुकटही काढीन.

५ नोव्हेंबर

आज वरच्या तीन खोल्या झाल्या. पूर्ण खोली फोटोत घेतली की ती दवाखान्याच्या व्हरांड्यासारखी दिसते, नुसती वाट बघणारी. मग मी फोटोच्या कडा कातरायला बसते. वरचं छत उडवलं, डावीकडचं कपाट उडवलं, खिडकी अर्धी आणि आटिसो फुलांच्या चहाची किटली ठेवली, की त्याच खोलीत कुणीतरी मायेचं माणूस आत्ताच उठून गेलंय असं वाटतं. उलट दार अर्धं कापलं तर कुणी तरी येणार आहे असं वाटत राहतं. बाबा म्हणायचे, ठेवलेलं डोळ्याला दिसतं, कापलेलं जिवाला. ताईला सांगितलं तर म्हणाली, शेवटचं कातरकाम मात्र मीच करणार हं, तू फक्त सगळं आत घे.

ती माझ्याकडे बघताना अख्खी मान वळवते, घुबडासारखी. मान आखडलीय का विचारलं. ती चहा टाकायला उठली.

७ नोव्हेंबर

आज पुढचा दिवाणखाना. कोचाच्या मागे भिंतीवर देव्हाऱ्याची फळी आहे. तिच्या दोन टोकांना वारलेल्या जुन्या मालकाचा आणि त्याच्या बायकोचा फोटो, मधे उदबत्तीचं भांडं आणि एक रिकामी फ्रेम. बंगला विकताना त्यांच्या मुलाची अटच होती म्हणे, फळी हलवायची नाही. ताई म्हणाली, खोली ओकीबोकी वाटतेय, माणूस हवं, दिएप, तूच बस. कोचाच्या बरोब्बर मधे, हातात पुस्तक घेऊन. मी कॅमेरा तिपाईवर लावून दिला, बटण तिनं दाबलं. मी म्हटलं, ती दोघं येतायत ना गं कडेला. म्हणाली, येऊ देत, मी कापून टाकीन.

घरकाम करणारी सातवी मावशी (भावंडांत सातवी, म्हणून सगळे तसंच म्हणतात) चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. ताईनं तिला केळी आणायला पिटाळलं.

८ नोव्हेंबर

कातरलेला फोटो बघितला. अहाहा! पिवळं ऊन, हातातलं पुस्तक आणि मी. वर ना फळी, ना ती दोघं. मी कधी इतकी सुखी दिसले नव्हते. लीला पाठवला. तिचा लगेच निरोप, मलापण असा हवा, कधी येऊ?

१० नोव्हेंबर

डावा खांदा दाराला आपटला. दोनदा. मावशी बाजूला उभी होती ते कळलंच नाही, तिच्या हातचं सूप सांडलं. ती फरशी पुसायची सोडून माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. डोळ्यांवर ताण आला असेल, दिवसभर ते कातरकाम.

१२ नोव्हेंबर

ताई स्कूटरवरून बाजारात गेली! शेजाऱ्याकडून मागून आणली. गाणं म्हणत परत आली, सुईत दोरा एका झटक्यात ओवला. मला आनंद व्हायला हवा होता.

मला दोन्ही कडा दिसत नाहीत. सरळ बघितलं की मधलं तेवढं दिसतं. खोली दिसते, भिंती दिसत नाहीत. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर ताई म्हणाली, डॉक्टर काय करणार आहे त्याला. मी तिला नेमकं काय होतंय ते सांगितलंच नव्हतं.

१३ नोव्हेंबर

ताई बाहेर गेल्यावर मावशीनं हात धरला. विचारलं, त्या फोटोत किती जण होते? मी म्हटलं, मी एकटीच. म्हणाली, नीट मोज, पोरी.

मोजलं.

अरे देवा. दोघं कडेला, मी मधे. तिघं. आमच्या दुकानात तिघं आले की बाबा शेजाऱ्याला हाक मारायचे, कुणी नसलं तर कापडी बाहुली हातात द्यायचे, चौथी म्हणून. तिघांचा फोटो काढला तर मधला जातो. शेंबडं पोरही जाणतं. आणि मी, फोटोवाल्याची मुलगी, मेलेल्यांना मोजायला विसरले!

उदबत्तीच्या भांड्याखाली दोन छापील फोटो सापडले. एक मागच्या वर्षीचा, मधे ताई, चेहऱ्यावर काळी काट मारलेली. दुसरा माझा, न कातरलेला. भिंतीवर ती दोघं सरळ बघतायत. माझ्या फोटोत त्यांच्या माना माझ्याकडे वळल्यात.

१४ नोव्हेंबर

ताईला ते फोटो दाखवले, तिनं नाकारलं नाही. रडली. म्हणाली, मागच्या वर्षी फोटोवाल्यानं तिलाही असंच बसवलं. वर्षभर थोडं थोडं कातरलं जात होतं. देऊळ झालं, डॉक्टर झाले. न्हाचांगला समुद्राकाठी पळून गेली तरी सुटका नाही. दुसरं कुणी मधे बसलं तरच. आणि ते विश्वासानं बसायला हवं.

मलाच का, विचारलं. म्हणाली, तू नाही म्हणणार नाहीस हे माहीत होतं.

केसानं गळा कापला बयेनं. जिच्या हातचं जेवले, तिनं. माझा फोटो मी टराटरा फाडला. काही झालं नाही. मावशीला कामावरून काढलंय.

१५ नोव्हेंबर

माझं वर्षभर चालणार नाही. भराभर मिटतंय, आता वरूनही. फोनवरची अक्षरं लागत नाहीत. लीचे निरोप येतायत, येऊ का, येऊ का. ताईच्या पाया पडले, म्हटलं एवढं एकच कर. लिही, येऊ नकोस. तिनं लिहिलं. मला वाचूनही दाखवलं — येऊ नकोस.

१७

ताई देव्हाऱ्यावरची रिकामी फ्रेम पुसत होती. तिनं ती कापडानं — दोनदा. मी बघतेय हे तिला —

मला फक्त मधलं दिसतं. ताटातला मधला भात. पानावरची मधली ओळ.

आरशात चेहरा, खांदे. बाकी कापलेलं. बाबा मेलेल्यांचे फोटो असेच कापायचे, लग्नाच्या फोटोतून —

१८

गाडीचा हॉर्न. लीचा आवाज.

ली आलीय —

ताई दाराबाहेरून बोलली. येऊ नकोस असं लिहिलंच नव्हतं. लगेच ये, असं लिहिलं. म्हणते, तुझ्यासाठीच केलं, दिएप, तू सुटशील, माझ्यावरचा राग जाईल ना आता —

मला नाही सुटायचं. अशी नाही.

बाहेरून कडी लावलीय. ओरडले. ताई तिला म्हणाली, चेष्टा करतेय दिएप. ली हसली, म्हणाली, थांब गं दिएपताई, आधी फोटो काढून घेते, मग तुला दाखवते —

तिपाई ओढल्याचा आवाज. ताई सांगतेय, थोडं डावीकडे, अजून थोडं —

दाराखाली उजेडाची पट्टी दिसतेय. हे पान फाडून तिथून सरकवते. मोठ्या अक्षरात —

ली, मधे बसू न