पान्याची लाल पाटी

२ मार्च, सकाळ
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी वाढलंय, राग आला की हात उचलू नका, वहीत लिहा. म्हणून ही वही. माझं शिक्षण चौथी, तेही मधल्या सुट्टीपर्यंत. पण इथे कोण वाचतंय.
ठराव: आजपासून कोणावरही हात उचलायचा नाही. तशी मी मुळात शांतच आहे. लोक ऐकत नाहीत म्हणून आवाज चढतो, एवढंच.

२ मार्च, दुपार
शेजारच्या गॅरेजवाल्याला बादली मारली. हात उचललाच नाही. बादली उचलली.
त्याला मी पान्या म्हणते. हातात सदानकदा पाना, डोक्यातही तोच असणार. आमच्या लाँड्रीसमोर गाडी लावून इंजिन चालू ठेवलं, सगळा धूर लॉजच्या पांढऱ्या चादरींवर. खांदा चोळत म्हणतो, वहिनी, आधी बोलायचं तरी. म्हटलं, बादली बोलली की.

४ मार्च
पकडलं! पान्याकडे एक लाल नंबर पाटी आहे. परवा पांढऱ्या गाडीला होती, काल निळ्या, आज करड्या. गाड्या तीन, नंबर एक. चोरीच्या गाड्या, दुसरं काय.
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, अगं, ती सरकारच देतं गॅरेजवाल्यांना, नोंदणी नसलेली गाडी चालवून बघायला. ह्यांना सगळंच सरकारी वाटतं. फार भोळे. माझ्यासारखी बायको नसती तर ह्यांना कोणीही विकून खाल्लं असतं.
एका बाबतीत मात्र हुशार. मागच्या महिन्यात आमचा टेम्पो पासिंगमध्ये नापास झाला. ब्रेक धड नाहीत, खालचा पत्रा कुजलाय, रस्त्यावर आणायचा नाही, म्हणाले वाहन ऑफिसवाले. टेम्पो बंद तर लॉजच्या चादरी कशा पोचवणार, आणि लॉजचं काम गेलं तर लाँड्रीत काय आमचे दोन टॉवेल धुवायचे? हे म्हणाले, बघतो. दुसऱ्या दिवशी टेम्पो परत सुरू! ह्यांनी बघितलं की झालंच.

७ मार्च
नळावर पान्याची बायको म्हणाली, आमच्या ह्यांना चोर म्हणालात म्हणे. म्हटलं, म्हणाले नाही, ओरडले. तिने माझा अंबाडा धरला. मी दंडाला चावले. चावण्यात हात येत नाही, त्यामुळे ठराव मोडला असं होत नाही. वरच्या खिडकीतून सासूबाई ओरडत होत्या, डावीकडून धर, डावीकडून! मला वाटलं मला सांगतायत. तेवढ्यात त्या बयेने मला डावीकडूनच धरलं आणि पाण्याच्या पिंपात तोंड बुडवलं.
घरी विचारलं, सासूबाई, तुम्ही नक्की कोणाच्या? तर म्हणतात, मला काय, करमणूक.
केस गेले बरेच. पण तिचे जास्त गेले.

१० मार्च
वाहन ऑफिसात जाऊन कंप्लेंट दिली. साहेब तरुण, चष्मेवाला. तीन गाड्या, एक नंबर, सांगितलं. हसला. म्हणे, बाई, ती पाटी एका गाडीवरून दुसरीवर लावण्यासाठीच असते. ह्यालाही पान्याने घोळात घेतलेला दिसतोय. मी टेबलावर मूठ आपटली. टेबलावर आपटणं धरत नाही. काच तडकली. मग साहेब ताळ्यावर आला. म्हणाला, हे बघा, त्या पाटीवर भाड्याचा माल वाहायचा नाही, रोजच्या धंद्याला वापरायची नाही. पाटी लावून कोणी माल नेताना दिसला तर मला फोन करा, गाडी तिथल्या तिथे जप्त, पाटीही रद्द.
हेच तर मी म्हणत होते. कोणीतरी त्या पाटीवर धंदा करतोय. वास येतो मला.

१३ मार्च
पाळतीवर बसले. लाल पाटीची करडी गाडी दिसली म्हणून टायरमध्ये गोणी शिवायचा दाभण घातला. माल असता तर पळून गेला नसता, म्हणून. माल नव्हता. गाडीचा मालक होता, आत, मागच्या सीटवर झोपलेला.
उठला तो सरळ पान्यावर. एक कानाखाली, दुसरी नाकावर. पान्याचं नाक फुटलं. मला बघवेना. पान्याला मारायचं तर मी मारीन, बाहेरचा कोण टिकोजीराव? कपडे बडवायचा दांडका घेतला आणि त्या माणसाच्या पोटऱ्या शेकल्या. लंगडत टॅक्सीत बसला.
पान्या नाक दाबून म्हणाला, वहिनी, उपकार झाले, पण गिऱ्हाईक होतं हो ते. कृतघ्न. त्याची बायको दारात उभी राहून रडत होती की हसत होती, कळलं नाही.
आजचं धरायचं नाही. उद्यापासून ठराव.

१७ मार्च
ह्यांचं वागणं बदललंय. टेम्पो हल्ली मागच्या बोळात लावतात. पान्याला घाबरतात बिचारे. सकाळी निघताना काखेत टॉवेलात गुंडाळलेलं चपटं काहीतरी असतं. विचारलं तर म्हणाले, ताट. लॉजवर जेवायला स्वतःचं ताट नेतात! किती तो स्वच्छपणा. मी उगाच ओरडते ह्यांच्यावर.
आल्यावर आधी पान्याकडे जातात. मी रागावले तर म्हणाले, शेजारी आहे, विचारपूस करावी. मनाने फार मोठे.

२० मार्च
हे आज जेवता जेवता घास खाली ठेवून म्हणाले, सोड ना तो पाटीचा नाद. तुझ्या पाया पडतो. म्हटलं, तुम्हाला का घाम फुटलाय? म्हणाले, आमटी तिखट आहे. आमटी केलीच नव्हती. नवऱ्याला माझी एवढी काळजी, मला रडूच आलं. कालवणाची वाटी फेकली होती ती परत उचलून दिली.
पण सोडणार नाही. प्लॅन पक्का. पान्याचा पोऱ्या सांगत होता, पाटी रोज सकाळी मागच्या बोळातून बाहेर जाते. मी विचारलं, माल असतो का? तो म्हणाला, गच्च. आणि पळाला. परवा साहेबाला बोळाच्या तोंडाशी बोलावलंय. ह्यांना सांगितलेलं नाही. ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

२२ मार्च, सकाळी
निघाले. दांडका घेतलाय, फक्त दाखवायला.

२२ मार्च, दुपार, दवाखान्यातून
जसं झालं तसं लिहिते.
साहेब आणि दोन शिपाई बोळाच्या तोंडाशी. मी कचऱ्याच्या पेटीमागे. गाडी आली, मागच्या दाराला लाल पाटी, आत गठ्ठेच गठ्ठे. गाडी ओळखीची. आमचाच टेम्पो! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पान्याने आमचा टेम्पो चोरला, आमच्याच चादरींसकट!
मग काय. पहिला फटका काचेवर. दुसरा आरशावर. दार उघडून चोराचं बखोट धरलं, खाली ओढला, तोंड पाहण्याआधीच दोन ठेवून दिल्या. खाली पडल्यावर एक लाथ. तेव्हा तो म्हणाला, अगं, मी आहे.
हे होते.
तेवढ्यात पान्या धावत आला. मी त्यालाही दिली, सवयीने. त्याची बायको आली, तिने मला दिली. शिपाई सोडवायला आला, त्याला कोणी दिली ते मला माहीत नाही, पण बोट माझ्याकडे दाखवतात.
ह्यांचा दात पडला, ओठाला टाके. साहेबाने चष्मा पुसून विचारलं, बाई, हाच माल ना? चादरींवर घडी माझ्याच हातची.

२४ मार्च
सगळं कळलं. नापास टेम्पो रस्त्यावर आणता येत नव्हता, म्हणून हे पान्याच्या हातापाया पडून रोज सकाळी त्याची पाटी मागून न्यायचे. पान्या नको म्हणत होता. हे म्हणाले, लॉजचं काम गेलं तर ती मरेल. ती म्हणजे मी.
टेम्पो जप्त. पान्याची पाटी रद्द. आता त्याला गिऱ्हाइकाची बिननोंदणीची गाडी चालवून रस्त्यावर आणता येत नाही.
सासूबाई म्हणाल्या, शाब्बास. कोणत्या अर्थाने, विचारलं नाही.
हे माझ्याकडे पाठ करून झोपतात. ओठाचे टाके दुखतात म्हणून असेल.

२६ मार्च
लॉजच्या मॅनेजरने चादरींचं काम दुसऱ्या लाँड्रीला दिलं. मी भेटायला गेले तर काउंटरखाली लपला. मी नुसती गेले होते.
पान्याने ह्यांच्याशी परस्पर ठरवलं. तो टेम्पो दुरुस्त करून पासिंग करून देणार. बदल्यात गिऱ्हाइकांच्या गाड्या नोंदणीसाठी वाहन ऑफिसापर्यंत आम्ही ढकलत न्यायच्या. इंजिन चालू केलं तर परत जप्ती.
मला कोणी विचारलं नाही. मी हो म्हटलं.

३० मार्च
आज पहिली गाडी. पुढे स्टिअरिंगला हे, बाजूने ढकलायला पान्या. मागे डावीकडे मी, उजवीकडे त्याची बायको. सपाटीवर ठीक होतं. ऑफिसाच्या अलीकडे चढ आहे. अर्ध्यावर गेलो आणि गाडी मागे यायला लागली, इंजिन बंद म्हणून ब्रेकही धरेना. पान्या ओरडला, बायांनो, सोडू नका! हे ओठ धरून काहीतरी म्हणाले, कळलं नाही.
मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे. तिच्या दंडावर माझ्या दातांचे वण अजून आहेत. एकीनेही सोडली तर गाडी दोघींच्या अंगावर येणार.
दोघींनी खांदा लावला. साहेब ऑफिसाच्या खिडकीतून बघत होता. हात हलवावासा वाटला, पण एकही हात मोकळा नव्हता.