कोबीला पाणी नको म्हणणारा

४ मार्च

चि. विसराळू नातवास आजीचे अनेक आशीर्वाद.

तुला एक आजी आहे, हे आठवतंय ना? नसेल तर ओळख करून देते. लहानपणी तुझं नाक पुसायची, ती मी. अक्षर माझं नाही, तुझ्या बायकोचं. मी सांगते, ती लिहिते. तिच्या कौतुकाचं वाक्य आलं की तिचं पेन अडतं. मग दटावून लिहून घ्यावं लागतं.

आता मुद्द्याचं. परवा आपल्या रानाला कालव्याचं पाणी मिळायचं होतं. तुझी बायको फावडं घेऊन सकाळपासून बांधावर उभी. पाणी आलंच नाही. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला विचारलं, तर म्हणाला, मालकांना फोन केला होता, ते नको म्हणाले. मालक कोण, तर तू! अरे, तू त्या रानात शेवटचं पाऊल कधी टाकलंस? रोपं तिनं लावली, खुरपणी तिनं केली, आणि तहान लागली की नाही ते तुला विचारायचं? तेही एक वेळ सोड. तू घरी विचारायचं तरी होतंस. कोबीचे गड्डे आता कुठे भरायला लागले होते. पुढचं पाणी येईपर्यंत काय करायचं, ते मालकांनी कळवावं.

लोभ आहेच, तो टिकेल असं काहीतरी कर.

तुझी आजी

९ मार्च

ती. आजीस सा. न.

पत्र वाचून कान लाल झाले. फोन आला तेव्हा मी कारखान्यात मशीनपाशी होतो. शेजाऱ्याचं रान वाळतंय, तुमचं थांबलं तर चालेल ना, असं पाटकऱ्यानं विचारलं. मी रान बघितलेलंच नाही, हे सांगायची लाज वाटली. चालेल म्हणून मोकळा झालो. हे वाचून दाखवणारी तीच असणार, म्हणून तिलाच सांगतो, चुकलं माझं. पाणीवाटप मंडळाच्या अध्यक्षांसाठी सोबत चिठ्ठी जोडली आहे, यापुढे तिलाच विचारा म्हणून. रजा मिळत नाही.

राग उतरला की दोन ओळी पाठव.

तुझा नातू

२२ मार्च

चि. मालकसाहेबांस आशीर्वाद, थोडे कमीच.

राग उतरलेला नाही. तुझी चिठ्ठी घेऊन ती मंडळाच्या बैठकीला गेली. अध्यक्षांनी चिठ्ठी वाचली, अक्षराचं कौतुक केलं, आणि खात्री करायला पुन्हा तुलाच फोन लावला! तू उचलला नाहीस. मग म्हणाले, मालकांनी स्वतः येऊन सांगावं, तोवर नोंद बदलत नाही. आणि ज्या दिवशी पाणी सुटलं, त्या दिवशीही पाटकरी तुझ्या होकाराची वाट बघत बसला. पाणी आपल्या बांधावरून पुढे गेलं. कोबी करपला. ती गडबडली नाही, रडली नाही. फावडं दारामागे ठेवलं आणि म्हणाली, पाण्याच्या नोंदीला माझं नाव लागेपर्यंत मी रानात उतरणार नाही. मी तिच्याच बाजूची आहे. कालव्यावरच्या निम्म्या रानांत बायकाच राबतात. त्याही आता हेच म्हणायला लागल्यात.

महिनाअखेरीच्या बैठकीला ये. रजा मिळत नसेल, तर नोकरी सोड आणि इथलं रान तरी स्वतः कसायला ये.

आणि हो, घरात भाजी नाही. कोबी तिकडून विकत घेऊन पाठव. गड्डे घट्ट बघून घे. ओळखता आले नाहीत तर भाजीवालीला विचार. तिच्या नवऱ्याला फोन लावू नकोस.

आजी