मेल्यावर मला कामाला लावू नये

मी, दमयंती शामराव माहूरकर, वय अडुसष्ट, अविवाहित, राहणार आदिलाबाद, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय, डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवते. डोकं तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

तेल आणि कोळशाच्या जागतिक बाजाराच्या बातम्या देण्यात माझा जन्म गेला; मुंबईत, दुबईत, मग सिंगापूरला. रोज बाजार बंद होताना फोनवर सौदे तपासायचे आणि त्या दिवसाचा भाव जाहीर करायचा. विकणाऱ्याने सांगितलेला आकडा घेणाऱ्याला विचारल्याशिवाय लिहायचा नाही. ही खोड बाबांची. इथल्या कापूसबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि तो वहीत मांडण्याआधी बाबा दोघांनाही वेगवेगळं गाठून विचारायचे. मला या धंद्यात आणलं ते आमच्याच गल्लीतल्या हणमंतरावांनी. तेही आमच्याच वृत्तसंस्थेत; त्यांचाही नियम तोच.

आपल्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले त्याच वर्षी आमची वृत्तसंस्था एका बड्या कंपनीत विलीन झाली. तिकडे तुकडे आणि इकडे विलीनीकरण, दोन्हीकडे फक्त पाट्या बदलल्या असं मला वाटलं होतं. चुकलेच. नव्या मालकांनी आम्हा जुन्यांना घरी बसवलं आणि आमचे फोटो ठेवून घेतले. ‘आमचे अनुभवी विश्लेषक’ म्हणून आम्ही त्यांच्या वेबसाइटवर अजून हसतो आहोत. फोटोखाली लेख लिहितात कालची पोरं, कुणालाही फोन न करता. किळस येते.

बेला गावच्या शेतातला माझा हिस्सा भाऊ नागोराव यास द्यावा. कसतो तोच, मालकीचा पट्टाही त्याच्याच नावे व्हावा.

विलीनीकरणाच्या समारंभात मिळालेली काचेची ढाल इचोड्याच्या भंगारवाल्याला द्यावी. त्याने नाही म्हटलं तर आग्रह करू नये.

आता घर. ते नागोरावाच्या मुलाला, उद्धवला द्यायचं असं मी पूर्वीपासून म्हणत आले. त्याला आमच्या वृत्तसंस्थेत नोकरीला मीच लावलं. आज तो त्या बड्या कंपनीत संपादकीय विभागाचा प्रमुख आहे.

हणमंतराव गेल्या पोळ्याला वारले. दिवाळीत त्यांची बायको चारुशीला मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. त्यात कंपनीच्या वेबसाइटवर हणमंतरावांचा हसरा फोटो, खाली पुढच्या वर्षीच्या तेलाच्या भावाचा अंदाज. ती म्हणाली, “दमा, हे यांनी कधी लिहिलं गं? मला काही बोलले नाहीत.”

उद्धवला फोन केला. तो म्हणाला, “आत्या, त्यांच्या नावावर वाचक टिकून आहेत. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?” नागोरावाला सांगितलं तर तो म्हणतो, “ताई, पोराचं पोट हाय त्याच्यावर. तू काऊन एवढी चिडून राह्यली?” पोट मलाही होतं. मी मेलेल्या माणसाकडून ते भरून घेतलं नाही.

म्हणून अट घालते. माझ्या तेराव्यापर्यंत हणमंतरावांचं आणि माझं नाव, फोटोसकट, त्या वेबसाइटवरून काढलेलं असेल तर घर उद्धवचं. नसेल तर घर चारुशीलेचं. याची खात्री माझे वकील सुधाकरराव यांनी करावी. उद्धवच्या एकट्याच्या शब्दावर विसंबू नये, चारुशीलेलाही वेगळं विचारावं. तिने ते पान उघडावं, आणि नवराही दिसला नाही, दमाही दिसली नाही असं ती म्हणाली तरच उद्धवला किल्ली द्यावी.

माझ्या मृत्यूची बातमी त्या कंपनीने दिलीच, तर तीही दोन ठिकाणी विचारून द्यावी.

हा सगळा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, वाचला आणि खाली सही केली. यानंतर माझ्या नावाने बाजाराबद्दल जे काही छापून येईल, ते माझं नाही.

सही: दमयंती शामराव माहूरकर

साक्षीदार:
१. बापूजी गंगाराम येरावार, शेजारी
२. मथुराबाई विठ्ठलराव जोशी, निवृत्त शिक्षिका

स्थळ: आदिलाबाद
दिनांक: ११ फेब्रुवारी २०१९