ऑर्विलच्या खुर्चीचा वारस

रविवार, २० ऑक्टोबर २०२४, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. ऑर्विलच्या डाव्या बुटात पेंढा भरत होतो. तो अर्ध्यावर सोडून, हात धुऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हे लिहायला बसलो आहे.

मी, वेंडेल ऑगस्ट स्ट्रूबल, वय सव्वीस, शिक्षण अर्धी अकरावी, नोकरी विट्मर यांच्या हार्डवेअरच्या दुकानात किल्ल्या कापण्याची, राहणार चेस्टनट रस्ता, मिलर्स फोर्ड, ओहायो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. लिही म्हणून कोणी माझ्यावर जोर केलेला नाही. लिहू नको म्हणून मात्र दोघांनी केला. येत्या गुरुवारी माझे पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, सकाळी यायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. माझी थोरली बहीण मार्लिस म्हणाली की मी दाढ काढायला गेलो तेव्हासुद्धा तिला निरोपाचे पत्र लिहिले होते. ते खरे आहे. त्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे ती सांगत नाही.

कलम १. वडिलांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा मार्लिसला द्यावा. तिचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे डेल, यांना हे घर विकून बोट घ्यायची आहे. घ्यावी. पण ३१ ऑक्टोबर, म्हणजे हॅलोविन, उलटेपर्यंत पडवीचा डावा कठडा काढू नये, कारण पांढऱ्या चादरीचे भूत ज्या दोरीवरून सरकते ती त्याला बांधलेली आहे. दोरी मासे पकडायची आहे, दिसत नाही. घर पाहायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनी मान सांभाळावी.

कलम २. बँकेतली शिल्लक मार्लिसची. फुलांवर खर्च करू नये. माझ्या नावाचा थर्मोकोलचा थडग्याचा दगड अंगणात तिसऱ्या रांगेत उभा आहे, तो खरा म्हणून वापरायचा मोह होईल. वापरू नये. पावसात टिकत नाही.

कलम ३. हत्यारे आमचे मालक हार्लन विट्मर यांना द्यायची होती. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे त्यांनीच मला सांगितले. ते साक्षीदार म्हणून जास्त उपयोगाचे आहेत. म्हणून हत्यारे डेल यांना द्यावीत. निम्मी आधीपासून त्यांच्याकडेच आहेत.

कलम ४. डेल यांनी मला भेट दिलेला हवेचा भोपळा त्यांना परत करावा. तो दोन माणसांइतका उंच आहे आणि त्याच्या पोटातला पंखा रात्रभर घूं घूं करतो. मी त्यांना नीट समजावले होते की शेजारच्या पोराच्या पावलाचा आवाज ऐकू आला नाही तर माणूस घाबरत नाही. अंगण शांत पाहिजे. दिवे खाली, जमिनीलगत पाहिजेत, म्हणजे ओळखीचे झाडसुद्धा अनोळखी दिसते. वाट सरळ ठेवायची नाही. गवताच्या गठ्ठ्यांना वळसा घालून न्यायची, म्हणजे पडवी एकदम दिसत नाही. डेल म्हणाले, "अरे, पोरं चॉकलेटं न्यायला येतात, तू त्यांना नाटक दाखवतोस." त्यांच्या घरी पोरे चॉकलेट घेऊन धावत सुटतात आणि पुढच्या घरी पोचेपर्यंत त्यांचे घर विसरलेली असतात. माझ्याकडून गेलेली पोरे दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन विचारतात की खिडकीतला हात कसा हलत होता. भोपळ्याला भोक पडले आहे. ते कसे पडले याची चौकशी करू नये.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी उजवीकडून वेगळी वाट आहे. तिथे फक्त हसरे भोपळे आहेत आणि चॉकलेटची टोपली त्यांच्या हाताच्या उंचीवर आहे. त्या वाटेवर कोणी कोणाला घाबरवायचे नाही. हा नियम माझ्या मागेही पाळावा, नाहीतर मी खरोखर येईन.

कलम ५. आता ऑर्विलविषयी, ज्यासाठी बाकीची कलमे लिहिली.

ऑर्विल हे बुजगावणे आहे. गेली दोन वर्षे हॅलोविनच्या संध्याकाळी तो पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसतो. वडिलांचा लांब काळा कोट, गोणपाटाचा चेहरा, हॅट, पिवळे हातमोजे आणि मांडीवर चॉकलेटचा भरलेला वाडगा. दोन वर्षे तो हललेला नाही. हलवायचाच नव्हता. पहिल्या वर्षी पोरे लांबूनच हात घालून वाडग्यातले चॉकलेट ओढत होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्याचा गुडघा हलवून पाहिला, नाक ओढले, एकाने त्याच्या बुटावर बसून पायातला खडा काढला. भीती मोडावी म्हणून मी ही दोन वर्षे घालवली. तिसऱ्या वर्षी त्या कोटात मी बसणार होतो.

ही तिसरी खेप कोणासाठी आहे तेही लिहून ठेवतो. कोपऱ्यावरच्या घरातली केल्सी ओडम बारा वर्षांची आहे आणि आजवर तिला कोणी घाबरवू शकलेले नाही. गेल्या वर्षी तिने ऑर्विलच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "काय ऑर्विल काका, अजून बसलेलेच? डॉक्टरला दाखवा." एक चॉकलेट घ्या अशी पाटी वाचून तिने तीन घेतली. नंतर दुकानात किल्ली करायला आली तेव्हा मला सांगून गेली की माझे घर बालवाडीतल्या पोरांसाठी छान आहे. पुढच्या वर्षी ती तेरा पूर्ण करील आणि चॉकलेटं मागत फिरणार नाही, मैत्रिणींबरोबर घरी बसणार आहे, हेही तिनेच सांगितले. म्हणजे जे व्हायचे ते याच वर्षी.

मी गुरुवारी मेलो तर ते व्हायचे नाही, आणि नाही मेलो तरी पोटाला टाके असलेल्या माणसाला खुर्चीतून ताडकन उठता येत नाही. म्हणून खुर्ची, कोट, हॅट, हातमोजे आणि गोणपाटाचा चेहरा मी वारसाहक्काने देत आहे, आणि ही देणगी मी जिवंत असलो तरी लागू आहे. वारस उंच पाहिजे, कारण कोट लांब आहे. वारसाला दोन तास न हलता बसता आले पाहिजे. मार्लिसला पेंढ्याने शिंका येतात. डेल बुटके आहेत आणि त्यांना हसू आवरत नाही. हार्लन साक्षीदार आहेत. तेव्हा वारसाचे नाव: ........................ (ही जागा रिकामी सोडली आहे. रात्री विचार करून लिहीन.)

कलम ६. समोरच्या घरात राहणाऱ्या श्रीमती अगाथा पँक्रात्झ, निवृत्त शिक्षिका, यांना मी काहीही ठेवत नाही. कारणे दोन.

पहिले, चौथीत असताना शुद्धलेखनाच्या स्पर्धेत त्यांनी मला 'सेमेटरी', म्हणजे दफनभूमी, हा शब्द दिला. इंग्रजी स्पेलिंगात शेवटून तिसरे अक्षर ई असते. मी ए म्हणालो. बाईंनी मला सगळ्या वर्गासमोर खाली बसवले आणि म्हणाल्या, "वेंडेल, दफनभूमीत ए नाही. पुरलेल्यांत शोधूनही सापडणार नाही." वर्ग हसला. बाई स्वतः कधी हसत नसत. त्या टेबलामागे डोळे मिटून इतक्या स्तब्ध बसत की मागच्या बाकावरचा पोरगा निर्धास्तपणे चिठ्ठी पुढे सरकवी, आणि मग डोळे न उघडता बाई त्याचे पूर्ण नाव घेत. त्या पोराच्या हातातून पेन्सिल पडलेली मी पाहिली आहे. त्या दिवसापासून मी शुद्ध लिहितो, पण तो राग आहे तो आहे.

दुसरे, हॅलोविनला बाई पडवीचा दिवा कधीच लावत नाहीत. दिवा बंद म्हणजे येऊ नका, हे या गावात रांगणारे मूलसुद्धा जाणते. रस्त्याच्या एका बाजूला मी इतकी मेहनत करतो आणि समोर ते अंधारे घर, जणू पडलेला दात. पडदा मात्र हलताना मी पाहिला आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी लिहिले. दुसरा साक्षीदार म्हणून पँक्रात्झ बाईंचीच सही घ्यावी लागेल, कारण त्यांना यात काही मिळत नाही आणि या रस्त्यावर शुद्धलेखन तपासायला दुसरे कोणी नाही. कलम ६ वर हात ठेवून कागद दाखवीन.

त्याच दिवशी, संध्याकाळी साडेसहा. पुढचा मजकूर वाढवला आहे.

बाई म्हणाल्या, हात काढ. मी काढला.

त्यांनी सगळे कागद आपल्या दारात उभ्यानेच वाचले. लाल पेन त्यांच्या खिशात होते. कलम ४ मध्ये 'गठ्ठ्यांना' हा शब्द मी अशुद्ध लिहिला होता, तो वर सुधारलेला आहे. कलम ६ त्यांनी दोनदा वाचले. मी जिन्याच्या कठड्याकडे बघत उभा होतो. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले की पडवीच्या दिव्याचे बटण मी कधी दाबून पाहिले आहे का. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "दाबून बघ."

दाबले. लागला नाही.

"लागत नाही, वेंडेल. मी घालवत नाही. खांद्यामुळे हात वर जात नाही, आणि बल्ब बदलायला कोणाला बोलवायचं म्हणजे मग तो चहा प्यायला बसतो." दाराशेजारच्या टेबलावर वाडगा होता, त्यात कागदात गुंडाळलेल्या मेपलच्या पाकाच्या गोळ्या होत्या. मी विचारले की हॅलोविनला अजून अकरा दिवस आहेत ना. म्हणाल्या, दर वर्षी लवकर भरते, मग नोव्हेंबरभर मीच खाते. पडद्याआडून सगळे बघते, हेही म्हणाल्या. त्यांनी दाखवून दिले की गेल्या वर्षी मी ऑर्विलचा डावा हात वाडग्याच्या आत ठेवला होता आणि त्याआधी बाहेर. केल्सी ओडमच्या ते लक्षात आले असते तर दोन वर्षांची मेहनत वाया गेली असती. हे खरे आहे. मला कळले नव्हते.

मी पेन पुढे केले आणि साक्षीदाराची जागा दाखवली. बाईंनी पेन घेतले, कलम ३ वर बोट ठेवले आणि विचारले, "साक्षीदाराला यातलं काही घेता येत नाही. बरोबर?"

मी म्हणालो, बरोबर, हार्लननीच सांगितले.

"मग मी सही करत नाही. दुसरं कोणी बघ." त्यांनी कलम ५ मधल्या रिकाम्या जागेवर पेनाचे टोक टेकवले. "इथे लिही. आणि पँक्रात्झमध्ये शेवटी टी आणि झेड, दोन्ही. विसरलास तर खाली बसवीन."

मी लिहिले. मी घरून कोट आणून दिला, तो त्यांनी लगेच अंगावर घालून पाहिला. बाह्या बरोबर आल्या. मग त्या माझ्या पडवीत येऊन ऑर्विलच्या खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले. मी त्यांचा बल्ब बदलायला शिडी आणायला गेलो, परत आलो, खुर्चीकडे पाहून माझ्या हातातून शिडी सुटली. त्या बसल्या जागी म्हणाल्या, "वेंडेल ऑगस्ट स्ट्रूबल." एवढेच.

म्हणून कलम ६ मधले दुसरे कारण मी काट मारून रद्द करत आहे. पहिले कायम आहे. कलम ५ मधील वारस: अगाथा पँक्रात्झ. ३१ तारखेला बाई माझ्या पडवीत बसतील, आणि मी जिवंत असल्यास त्यांच्या पडवीत, त्यांच्या गोळ्यांचा वाडगा घेऊन, दिव्याखाली बसेन. तिथून माझी खुर्ची सरळ दिसते. मेलो असल्यास तिथे मार्लिसने बसावे. पेंढा तिथे नाही, शिंका येणार नाहीत.

हे मी स्वखुशीने लिहिले, खाली साक्षीदारांदेखत सही केली. त्यांना कोणी ओढून आणलेले नाही. एडना तर येताना सफरचंदाचा पाय, म्हणजे भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आल्या होत्या.

सही: वेंडेल ऑगस्ट स्ट्रूबल

साक्षीदार: १. हार्लन विट्मर. २. एडना विट्मर (हार्लन यांची पत्नी, काही मिळत नाही, हे त्यांना समजावले, त्या म्हणाल्या की या नवऱ्याबरोबर सवय आहे).

स्थळ: मिलर्स फोर्ड, ओहायो, पँक्रात्झ बाईंच्या पडवीत, दिव्याखाली.
दिनांक: २० ऑक्टोबर २०२४.

हिशेब. खर्च: मोठी चॉकलेटं चौऱ्याऐंशी डॉलर, पेंढा अकरा, दोरी सहा, बाईंचा बल्ब दोन. देणे: डेल यांना भोपळ्याला लावायचे ठिगळ, तीन डॉलर. बाईंना: काही नाही, बल्बचे पैसे देऊ लागल्या, मी घेतले नाहीत, चहा घेतला. येणे: केल्सी ओडमकडून एक किंकाळी आणि दोन चॉकलेटं. वसुली बाई करतील.