पेंटरच्या मुलीचा बोर्ड

दि. ५ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, थोडी जाड झाले आहे आणि ठरल्याप्रमाणे अठरा तारखेच्या विमानाने परत निघते आहे. एवढं वाचून पत्र आईकडे सरकवू नका, पुढे तुमच्याकडे काम आहे. फोनवर तुम्ही मला बरी आहेस ना विचारता आणि उत्तर यायच्या आत फोन आईच्या हातात देता. म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो दादाला पाठवते आहे. तुम्हीही तसंच करा.

इतके महिने मी जिच्याकडे राहिले ती माझी वसतिगृहातली मैत्रीण, म्हणजे आपण घरी जिला खिदळी म्हणतो ती. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान सोळा तारखेला उघडतंय. कारखान्याने त्याला घरी बसवल्यापासून दोघं याच दिवसाची वाट बघत होती. गाळ्याच्या भिंती त्यांनी स्वतः रंगवल्या, खिडक्या मी घासल्या. सगळं तयार आहे, फक्त बोर्ड नाही. बोर्ड छापून देणाऱ्याने ऐन वेळी पुढच्या महिन्यावर ढकललं. दोघांची उतरलेली तोंडं बघून मी बोलून गेले, की मी पेंटरची मुलगी आहे, बोर्ड मी रंगवते. खिदळी हसेल असं वाटलं होतं. तिने मला मिठीच मारली, आणि तिच्या नवऱ्याने संध्याकाळपर्यंत पत्रा कापून आणला.

आता खरं सांगायचं तर मी जन्मात ब्रश धरलेला नाही. तुम्ही कधी डब्याचं झाकणसुद्धा उघडू दिलं नाहीत. तेव्हा सुरुवात कुठून करायची, रंग किती पातळ करायचा आणि अक्षरं एका ओळीत कशी राहतात, एवढं कळवा. सोबत इथल्या लिपीत दुकानाचं नाव काढून पाठवते. त्याखाली सायकलचं चित्र हवं आहे. श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलून मी कॉलेजात ढाल मिळवली होती. आता श्रमाची वेळ आली तर ब्रश कुठे धरायचा तेही कळत नाही.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर धाडा.

तुमची,
पंडिता


दि. ७ नोव्हेंबर

चि. पंडितेस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दादाने फोन माझ्या नाकापुढे धरून बोटांनी तुझी अक्षरं मोठी करून दाखवली. पदवी घेतलेल्या माणसाचं अक्षर इतकं किरटं असू नये.

तू विचारलंस ते मी सांगणार नाही. आयुष्यभर मी शिडीवर उभा राहिलो, तो तू खुर्चीवर बसावीस म्हणून. आपल्या घरातली पहिली पदवी तू आणलीस. डिसेंबरात शाळेत रुजू होणार आहेस. मुलांना शिकवायचं सोडून पत्रे रंगवायचं खूळ कुठून डोक्यात शिरलं? आणि हा धंदा आता राहिलाय कुणाला? फ्लेक्स आले आणि गिऱ्हाइकं तिकडे पळाली. माझ्या शिडीवर तुझी आई चादरी वाळत घालते. ब्रश मी धुऊन, पुसून कपाटावर ठेवून दिले आहेत, ते तिथेच राहतील.

खिदळीच्या नवऱ्याला, आपल्या जावईबुवांना सांग, महिनाभर बिनबोर्डाचं दुकान चालवा. चाकातली हवा गेलेला माणूस बोर्ड वाचत बसत नाही, सरळ आत येतो.

तू पाठवलेला कागद पाहिला. तिसऱ्या अक्षराचं पोट सुटलेलं दिसतं. ते त्यांच्या लिपीत तसंच आहे की तुझ्या हातून सुटलं, तेवढं कळव. सहज विचारतो.

जीव सांभाळून राहा. रंगाला हात लावू नकोस.

तुझा,
बाबा


दि. ८ नोव्हेंबर

चि. पंडितेस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र त्यांना न दाखवता लिहिते आहे. दादाला दम दिला आहे.

त्यांनी तुला नाही म्हटलं ते वाचलं. पण काल मी कणीक मळायला घेतली तर परातीतल्या पिठावर तुझं ते तिसरं अक्षर काढलेलं. आज आरशावरच्या वाफेत तेच. दादाच्या लग्नाच्या फोटोवर धूळ होती, तिथेही. मी नुसती धूळ पुसली तर माझ्यावरच खेकसले.

ब्रश ठेवून दिल्यापासून या माणसाने घर डोक्यावर घेतलं आहे. हाताला काम नाही म्हणून डोळ्यांना काम. शेजारणीला तिचं दार तिरकं बसलंय असं सांगून आले, ती आता आमच्याशी बोलत नाही. भाजीवाल्याला सांगतात, गाड्यावरचा भाव लिहिताना हात टेकवत जा. माणूस रागावला तर मी सोसते गं, पण हल्ली दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडतात, ते मला बघवत नाही.

म्हणून माझं ऐक. त्यांना विनवण्या करू नकोस. विनवणी केली की ते ताठ होतात. तू आपली चुका करत जा आणि त्या लिहून कळवत जा. कुणी चुकीचं रंगवतंय म्हटल्यावर ते गप्प बसूच शकत नाहीत.

तिथे थंडी पडली असेल. स्वेटर घालतेस की बॅगेत नुसता फिरवतेस?

माया आहेच, ती लिहावी लागत नाही.

आई


दि. १० नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईने मला चुका करून तुम्हाला कळवायला सांगितलं आहे. ती तुमच्यापासून लपवायला सांगत होती, पण तुमच्याशी डाव खेळणं मला जमणार नाही. शिवाय खोट्या चुकांची गरजच पडली नाही, खऱ्याच भरपूर झाल्या आहेत. त्या लिहिते.

पत्रा पुसला आणि थेट निळा रंग लावला. तो सकाळी पापुद्र्यासारखा निघून आला. दुसऱ्यांदा लावला तो बसला, पण मग डावीकडून अक्षरं काढत गेले आणि उजवीकडे पोचले तेव्हा शेवटच्या दोन अक्षरांना जागाच उरली नव्हती. खिदळीच्या नवऱ्याचं म्हणणं पडलं, की ती दोन दाराच्या चौकटीवर काढू, लोक मान वळवून वाचतील. भला माणूस आहे. सायकलचं पुढचं चाक मी पातेल्याच्या झाकणाभोवती काढलं आणि मागचं ताटाभोवती, त्यामुळे सायकल चढावर निघाल्यासारखी दिसते. खिदळी हसून हसून स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. तिसऱ्या अक्षराचं पोट त्यांच्या लिपीतलंच आहे, पण माझ्याकडून त्याला सातवा महिना लागला आहे.

आता सगळं खरवडून पत्रा पुन्हा कोरा केला आहे.

आणि बाबा, एक गोष्ट बोर्डाबाहेरची. शाळेत मी शिकवीनच, ते मला हवंच आहे. पण सुट्टीच्या दिवशी मला तुमच्याकडे शिकायचं आहे. हे खूळ नाही. लहानपणी तुमच्या सायकलीवर पुढे बसून गावातून जाताना मी पहिली अक्षरं वाचली ती तुमच्या बोर्डांवरची. तुम्ही मला वाचायला शिकवलंत ते तुमच्याच हातच्या अक्षरांतून, आणि आता म्हणता त्या हाताशी माझा संबंध नको. मला ते पटत नाही. एवढं शिकवल्यावर मुलगी उलट बोलणार, हे तुम्ही धरून चालायला हवं होतं.

सोळा तारीख अगदी जवळ आली आहे. कोऱ्या पत्र्यासमोर बसून आहे.

उलट बोलते तरी तुमचीच,
पंडिता


दि. १२ नोव्हेंबर

चि. पंडितेस,
अ. उ. आ., आणि तुझ्या आईस एक वेगळा नमस्कार, तिचं राजकारण वाचलं म्हणून.

सुट्टीच्या दिवसाचं मी काहीही कबूल केलेलं नाही. बोर्डाचं सांगतो, कारण माझी मुलगी म्हणवून तू तिथे असला पत्रा टांगणार असशील तर माझी उरलीसुरली अब्रू जाईल.

पत्रा घासकागदाने खरखरीत कर. आधी प्रायमर, तो वाळला की मग रंग. अक्षरं डावीकडून सुरू करतो तो नवशिका. आधी सगळी अक्षरं मोज, बोर्डाचा मध्य काढ आणि मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे जा. दोरीला खडू चोळ, दोघींनी दोन टोकं ताणून धरा, मधोमध उचलून सोड, सरळ रेघ उमटेल. डाव्या हातात काठी आडवी धर, उजवं मनगट तिच्यावर टेकव. रेघ ओढताना श्वास सोडत जा, कोंडलास की हात थरथरतो. भाषणं देताना सोडतेस तेवढा नको. दोन्ही चाकं एकाच झाकणाने काढ, हे मला लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

तुला ती लिपी सांगायची तर आधी माझ्या हातात बसायला हवी, म्हणून एक नमुना केला. ब्रश खाली काढले, तुझी आई बघत होती, बघू दे. जुन्या पत्र्यावर पूर्ण नाव, खाली सायकल, आणि अंगणाच्या भिंतीला टेकवून उन्हात ठेवला. आत जाऊन चहा घेतो तोवर बाहेर एक माणूस पंक्चर झालेली सायकल घेऊन उभा. नाव कुणाला वाचता येत नाही, पण सायकल सगळ्यांना कळते. दुपारपर्यंत अंगणात सायकलींची रांग. एका आजोबांनी तर चेन पडली म्हणून मलाच झापलं. तुझ्या आईने दोघांना समजावून परत पाठवलं, तिसऱ्याला हवा भरून दिली.

संध्याकाळी नाक्यावरचा सायकलवाला भांडायला आला. इतकी वर्षं शेजारी राहून त्याच्या पोटावर पाय दिला असं म्हणाला. मी त्याला नमुन्याचा पत्रा दाखवला, परदेशी गेलेल्या माझ्या मुलीचं सगळं सांगितलं. तो पत्र्यापुढे वाकला, सायकलचं चाक वितीने मोजलं आणि गेला.

नमुन्याचा फोटो सोबत आहे. तिसऱ्या अक्षराचं पोट कसं असतं ते बघून घे.

घाई करू नकोस, पण उशीरही करू नकोस.

तुझा,
बाबा


दि. १६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बोर्ड लागला. फोटो पाठवला आहे, पण तो बघायच्या आधी पत्र वाचा. फोटो हातात आला की तुम्ही पुढचं वाचणार नाही.

तुम्ही सांगितलं तसं मधून सुरू केलं. पहिलं अक्षर काढताना श्वास सोडला आणि रेघ सरळ आली तेव्हा मी ब्रश तसाच हातात धरून बसून राहिले. खिदळीला वाटलं काही बिघडलं. बिघडलं ते पुढे. इथल्या थंडीत तेलरंग वाळेचना. शेवटी पत्रा घरात आणून हीटरसमोर आडवा ठेवला. खोलीत दुसरी ऊब नाही, तेव्हा आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन त्याच्याभोवती जेवलो. जावईबुवा मीठ घ्यायला वाकले आणि त्यांचं कोपर पाचव्या अक्षरावर टेकलं. कोटाच्या बाहीवर निम्मं अक्षर उमटलं. तो कोट ते आज मुद्दाम घालून आले होते. अक्षर मी पुन्हा काढलं, अजून किंचित ओलं आहे.

सकाळी बोर्ड चढवताना शिडीवर मीच होते. खाली उतरून रस्त्यापलीकडे गेले आणि तिथून बघितलं. बाबा, तो दुरून वाचता येतो. जावईबुवा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि स्वतःच्या दुकानाचं नाव त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. खिदळी आज दिवसभर हसली नाही. रडली, आणि डोळे पुसायला माझीच ओढणी घेतली.

पलीकडच्या गल्लीतली पाव भाजणारी बाई बोर्ड बघून विचारायला आली, की हे काम कुणाकडून करून घेतलं. मी म्हटलं, आम्ही बापलेक करतो. खोटं बोलले नाही ना? मला अजून माहीत नाही. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

परवा निघते. सामान बांधून झालं आहे, खिदळी ते उघडून त्यात काहीतरी खुपसत असते. सुट्टीच्या दिवशी मला शिकवणार की नाही, ते निघायच्या आत कळवा. फोनवर सांगू नका, फोनवरचं तुम्ही नंतर नाकबूल करता. काय असेल ते स्वच्छ लिहून पाठवा. नाही म्हणालात तर मी रागावेन, पण घरीच येऊन रागावेन.

नखांत निळा रंग असलेली,
पंडिता


दि. १७ नोव्हेंबर

चि. पंडितेस,
अ. उ. आ.

फोटो आधी पाहिला. मग पत्र.

दुसरं आणि तिसरं अक्षर यांच्यात जागा जास्त सुटली आहे. पाचव्याची मान अवघडली आहे, ते जावयाच्या कोपराचं काम असावं. सायकलचं हँडल माझ्या नमुन्यापेक्षा बरं काढलंस, ते कसं केलंस ते मला सांग. बाकी बोर्ड सरळ आहे. फोटो भाजीवाल्याला दाखवला, टपालवाल्याला दाखवला. शेजारणीलाही दाखवला, त्यामुळे ती आता बोलते. दादाचा फोन दोन दिवस माझ्याकडेच आहे, तो ओरडतोय.

नाक्यावरचा सायकलवाला शुक्रवारी परत आला होता. त्याचा फ्लेक्स उन्हाने पांढरा पडला आहे, आता नुसता बांबूवर फडफडतो. त्याला माझ्या हातचा बोर्ड हवा, तशीच सायकल असलेला, पण नाव वाचता येईल असा. शिडीवरच्या चादरी काढल्या. तुझी आई त्या वाळत घालायला दोरी शोधते आहे आणि तोंडाने कुरकुरते आहे, पण दोनदा चहा झाला, आणि मागितला नसताना.

शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर आता माझे गुडघे बोलतात. वरची ओळ मी पूर्ण केली. खालची खडूने आखून तशीच कोरी ठेवली आहे. सायकलवाला रोज येऊन विचारतो, पुढची ओळ कधी. मी त्याला सांगतो, त्या ओळीचा माणूस परदेशी गेलाय, बुधवारी पोचतोय.

सांभाळून ये.

तुझा,
बाबा